रेघांचा उगम शेवटी शोध

पोरी, अनेक आशीर्वाद.

मार्चच्या अमावास्येला जांबोटीजवळून काढलेले तुझे फोटो मिळाले. उत्तरेकडच्या हिरवट रेघा खऱ्या आहेत. त्यांच्या आड तारे जराही मंदावलेले नाहीत. विरळ ढग असते तर तारे पुसट झाले असते आणि ढगांवर शहराच्या दिव्यांचा पिवळा रंग चढला असता. तुला एअरग्लो, म्हणजे रात्री वरच्या हवेचा स्वतःचा मंद उजेड, सापडलाय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण "चोर्ल्याच्या घाटावर वारा आदळून या लहरी उठल्या" एवढं वाक्य मात्र खोडून टाक.

आधी रेघा कशा उमटतात ते बघू. सुमारे ९७ किलोमीटरवर ऑक्सिजनचे सुटे अणू एकत्र येतात आणि त्या ऊर्जेतून ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निघतो. त्याच्या खाली, ८७ किलोमीटरच्या आसपास, हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) थर चमकतो; तो मुख्यतः अवरक्त, म्हणून साध्या कॅमेऱ्याला फारसा दिसत नाही. आता खालून एखादी गुरुत्व-लहर, म्हणजे पाण्यावरच्या लाटेसारखी हवेतली लाट, वर आली की हवा वर-खाली होते. हवा खाली दाबली गेली की तापते, आणि वरची ऑक्सिजनच्या अणूंनी भरलेली हवा थरात उतरते. प्रकाश वाढतो. हवा वर उचलली गेली की तो घटतो. त्या उंचीवर हवेची घनता जमिनीलगतच्या सुमारे दहा लाखावा हिस्सा उरते, त्यामुळे खाली कुणाला जाणवणारही नाही एवढं हेलकावणं वर पोचेपर्यंत प्रचंड वाढतं.

आता घाटाचं. डोंगरावर उठलेली लहर त्या डोंगराला धरून राहते. जमिनीवरून पाहिलं तर तिच्या रेघा जवळजवळ जागच्या जागी दिसतात. तुझ्या रेघा तर सरकतायत! शिवाय वर जाताना वाटेत वाऱ्याची दिशा उलटली, म्हणजे मध्ये कुठेतरी वारा शून्य झाला, तर अशी लहर तिथेच विरते. पावसाळ्यात आपल्याकडे नेमकं हेच होतं: खाली पश्चिमेचा वारा, वर १४-१५ किलोमीटरवर पूर्वेचा जोरदार झोत. घाटावर वारा सर्वांत जोराचा असतो तेव्हाच वरची वाट बंद असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

वेग तू स्वतः मोजू शकतेस. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते. डोक्यावर, ९७ किलोमीटर उंचीवर, ते होतात १७ किलोमीटर. रेघेला एक मूठ ओलांडायला ७ मिनिटं लागली तर वेग सेकंदाला ४० मीटर. क्षितिजाकडे हा हिशेब चालत नाही: उत्तरेला ३० अंशांवर दिसणारी रेघ तुझ्यापासून १६० किलोमीटरवर, म्हणजे कऱ्हाड-इस्लामपूरच्या पट्ट्यावर असते. म्हणून ट्रायपॉड हलवू नकोस, कॅमेरा सरळ वर रोख आणि दर मिनिटाला एक फोटो घे. तारे तासाला १५ अंश सरकतात. रेघ ताऱ्यांवरून मोजू नकोस, फोटोच्या चौकटीवरून मोज.

मग उगम. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग उसळतात तेव्हा त्यांच्यावर वर्तुळाकार लहरी उठू शकतात. रेघा वाकड्या दिसल्या तर वर्तुळाचं केंद्र काढ आणि इन्सॅट या हवामान-उपग्रहाच्या चित्रांत आधीच्या काही तासांत तिथे वादळ होतं का ते बघ. वादळ शेकडो किलोमीटर दूरही असू शकतं, म्हणून शोध फक्त बेळगाव जिल्ह्यापुरता ठेवू नकोस.

कोल्हापूर आपल्याला जवळ आहे. पन्हाळ्यावरच्या पूर्ण-आकाश कॅमेऱ्याच्या नोंदींवर भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या लोकांनी शोधनिबंध लिहिले आहेत. ते वाच, समजलं नाही तिथे खूण कर, आपण बसून बघू. येताना कॅमेऱ्यातल्या मूळ रॉ फाइल आण. मोबाइलवरून पाठवलेल्या फोटोंत प्रकाशाचे बारीक फरक उरत नाहीत, आणि आपल्याला तेच हवेत.

तुझा,
सर