ट्रॅक्टर आणि पिकअप चालवतो, वय २३. आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लांटवर मिक्सर गाडीचा ड्रायव्हर व्हायचं तर सुरुवात कुठून करू?

तू चोपडा तालुक्यातला, केळीची पिकअप जळगाव-रावेरपर्यंत नेतोस, लायसन्स एलएमव्हीचं (हलक्या गाडीचं) आहे, आणि "मिक्सर गाडी जमेल का" असं विचारलंस. वयाने बराच लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको भाऊ. मी स्वतः आधी डंपरवर होतो, मग टीएमवर आलो. प्लांटवर ट्रान्झिट मिक्सर असं पूर्ण कोणी म्हणत नाही, टीएमच म्हणतात.

लायसन्सचं आधी उरकतो. हेवी लायसन्स लागेलच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एलएमव्हीवर कमर्शियल गाडी चालवायला मोकळीक दिली, पण ती ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला. भरलेला टीएम २५ टनांच्या पुढे जातो, त्यामुळे तो निकाल दाखवून उपयोग नाही. वय २० पूर्ण आणि एलएमव्ही काढून एक वर्ष झालेलं असलं की हेवीचं लर्निंग मिळतं. डॉक्टरचा फॉर्म १ए आणि हेवी शिकवणाऱ्या मोटार ट्रेनिंग स्कूलचा फॉर्म ५ जोडायचा, ३० दिवसांनी टेस्ट. आठवी पासची अट २०१९ पासून गेली. एजंट "टेस्टला यायची गरज नाही" म्हणाला तर त्याच्या नादी लागू नको, कारण प्लांटवाला पहिल्याच दिवशी गाडी रिव्हर्स घ्यायला लावतो आणि तिथे सगळं कळतं.

आता गाडीबद्दल. पिकअपमध्ये केळीचे घड बांधले की ते गप पडून राहतात. इथे मागे सहा घनमीटर काँक्रीट असतं, घनमीटरला साधारण २,४०० किलो धर, म्हणजे साडेचौदा टनांच्या आसपास ओला माल, तोही जमिनीपासून उंचावर आणि सतत फिरणारा. ड्रम ज्या बाजूला फिरतो त्या बाजूच्या भिंतीवर माल थोडा चढून बसतो, म्हणून गाडी सरळ रस्त्यावरही मधोमध तोललेली नसते. डंपर जिथे ३० च्या स्पीडने वळतो तिथे टीएम आडवा होऊ शकतो. सर्कल, हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरणारं वळण, पुलाखालचा यू-टर्न, गाड्या पलटतात त्या अशाच ठिकाणी. वळणाच्या आधी ब्रेक मारून घ्यायचा, वळणात नाही. ड्रम रस्त्यावर हळूच फिरता ठेवायचा, मिनिटाला दोन-चार फेरे. जोरात फिरवत पळवला तर तोल आणखी बिघडतो.

चढावर वेगळीच गोष्ट. लळिंग घाटासारख्या चढाला पातळ माल मागच्या तोंडातून रस्त्यावर सांडतो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव जायला तेवढं पुरतं. सहाच्या ड्रममध्ये सात भरून पाठवणारे डिस्पॅचवाले भेटतील, तिथे तोंड उघडायला शीक.

पण तू जे विचारलं नाहीस ते मला जास्त सांगायचंय. या कामात स्टिअरिंग निम्मं, उरलेलं निम्मं मागच्या लिव्हरपाशी आणि पाण्याच्या नळीपाशी आहे.

प्लांटवर बॅचर (माप घालून काँक्रीट बनवणारा) माल भरतो, चलनावर म्हणजे मालाच्या पावतीवर ग्रेड, स्लम्प (माल किती पातळ ते माप) आणि भरल्याची वेळ छापून येते. आयएस ४९२६ प्रमाणे भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी झाली पाहिजे. मालात रिटार्डर (जमणं लांबवणारं रसायन) असेल तर मुदत वाढवून मिळते, पण ती क्यूसीवाला, म्हणजे प्लांटवर मालाचा दर्जा तपासणारा, ठरवणार, तू नाही. साइटवर पोचलास की पंप बंद असतो, किंवा पुढच्या दोन गाड्या अडकलेल्या असतात, किंवा मिस्त्री जेवायला गेलेला असतो. तोवर माल घट्ट व्हायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ डिग्रीला तर बघता बघता. लांबूनही कळतं: ड्रम फिरवायला इंजिन जास्त ओढ घेतं, हायड्रॉलिकच्या गेजचा काटा वर सरकतो, आणि आतली छपछप जाऊन घरघर जड होते. महिनाभर कान दिलास की गेज न बघताही तुला अंदाज येईल.

आणि नेमक्या त्या वेळी कोणीतरी म्हणणार, "जरासं पाणी टाक ना भो, कोन देखस?"

टाकायचं नाही. मिस्त्रीला माल पसरायला सोपा जातो, पण सिमेंटला पाणी ठरलेल्या मापात लागतं. वरून टाकलेलं पाणी सुकल्यावर बारीक पोकळ्या सोडून जातं आणि ताकद पडते. साइटवर १५० मिलिमीटरचे क्यूब भरून घेतात, ते ७ दिवसांनी आणि २८ दिवसांनी दाबून फोडतात. एम२५ ग्रेडच्या मालाचा क्यूब ताकदीत कमी भरला की फाइल उघडते आणि त्यात तुझ्या गाडीचा नंबर असतो. पाणी घाल म्हणणारा मिस्त्री तोपर्यंत दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. बरोबर रस्ता असा: प्लांटला फोन कर, क्यूसीवाला ॲडमिक्श्चरचा (माल मोकळा करणाऱ्या रसायनाचा) डोस सांगेल किंवा घेऊन येईल, तो टाकून ड्रम काही मिनिटं फुल स्पीडला फिरवायचा आणि मग सोडायचा. तिथला इंजिनिअरच हट्टाला पेटला तर चलनावर "साइटच्या सांगण्यावरून पाणी" असं लिहून त्याची सही आणि वेळ घे. पेन पुढे केलं की बहुतेकांची पाण्याची तहान आपोआप भागते.

पाण्याची दुसरी जागा कोणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. गाडी खाली झाल्यावर ड्रममध्ये पाणी घेऊन धुतात. ते धुवणाचं पाणी पुढचा माल भरायच्या आधी ड्रम उलटा फिरवून पूर्ण काढायचं. शे-दीडशे लिटर आत राहिलं तर बॅचरचा सगळा हिशोब चुकतो, आणि साइटवर पाणी न टाकताही माल पातळ निघतो. मग तू कितीही शपथा घे.

धुवायला आळस केला तर आत थर बसतो आणि तो फोडायला माणूस ब्रेकर घेऊन ड्रममध्ये उतरतो. ते काम तुझ्या गाडीवर असेल तेव्हा चावी काढून स्वतःच्या खिशात ठेव, बॅटरीची वायर सोड. आत माणूस असताना ड्रम फिरला तर काय होतं ते लिहायची गरज नाही. तोंडाला चांगला मास्क हवाच. ओलं काँक्रीट कातडीला जाळतं, लगेच समजत नाही, रात्री आग होते. गमबूट आणि हातमोजे मागून घे. गाडी भरलेली असताना रस्त्यात ड्रमच बंद पडला तर आधी प्लांटला कळव. तिथून साखर किंवा गूळ टाकायला सांगतात, त्याने माल जमणं लांबतं आणि ड्रम वाचतो. तो माल मात्र मग फेकायचाच.

आपल्या भागाची एक खास अडचण म्हणजे काळी माती. तापीकाठच्या गावात पावसाळ्यात साइटवर वरून कोरडी दिसणारी जागा खालून लोणी असते. पायाच्या चारीजवळ गाडी लावायला सांगतील. चारी जितकी खोल, किमान तितकं अंतर चाकाने काठापासून सोडलं पाहिजे. रिव्हर्स घेण्याआधी खाली उतरून पायी चालून बघ, वर विजेच्या तारा बघ, मागे एकच माणूस इशारा देईल असं ठरव. चार जण चार बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" ओरडत असतील तर गाडी उभी कर.

सुरुवात कुठून, तर थेट टीएम मिळणं अवघड आहे, प्लांटवाले हेवीचा अनुभव मागतात. लायसन्स हातात आल्यावर काही महिने डंपर चालव, किंवा प्लांटवरच पंपाचा हेल्पर म्हणून लाग. हेल्परला पगार कमी, पण पाइपलाइन, स्लम्प, साइटचा तमाशा सगळं जवळून दिसतं आणि यार्डात गाडी मागेपुढे करायला मिळते. तिसरी वाट गावाकडची: सिमेंट रस्त्यांच्या कामावर सेल्फ लोडिंग मिक्सर असतो, ज्याला सगळे अजॅक्सच म्हणतात. ट्रॅक्टरवर हात बसलेला माणूस ते मशीन लवकर उचलतो.

जळगाव-धुळ्याला प्लांट आहेत, पण पावसाळ्यात काम मंदावतं. हायवे किंवा रेल्वेच्या मोठ्या कामावर कंपनी स्वतःचा कॅम्प आणि बॅचिंग प्लांट टाकते, तिथे ड्रायव्हर लागतात. धुळे-शिरपूरवरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळालीय, तिकडे नजर ठेव. बारमाही काम हवं तर नाशिक, पुणे, नाहीतर सुरत. लिंबायत-उधन्याला तर आपलंच खान्देश वसलंय, खोलीची आणि शेवभाजीची चिंता नाही.

नोकरी धरताना पगाराच्या आकड्याआधी हे विचार: कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराकडे, पीएफ कापतात का, ट्रिपभत्ता वेगळा का, साइटवर गाडी अडकून राहिली तर ओव्हरटाइम धरतात का, आणि रात्रीचा स्लॅब टाकून पहाटे आल्यावर सकाळच्या पाळीला परत बोलावतात का. शेवटच्या प्रश्नाला "ॲडजस्ट करावं लागतं" असं उत्तर आलं तर दुसरा प्लांट बघ. उन्हाळ्यात आपल्याकडे मोठे स्लॅब रात्रीच पडतात, आणि झोप न झालेल्या माणसाने भरलेला टीएम चालवू नये.

लर्निंगची अपॉइंटमेंट सारथी पोर्टलवर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर मिळते. केळीचा हंगाम सुरू व्हायच्या आत अर्ज टाकून दे, नंतर तुला पिकअपवरून उतरायला वेळ मिळणार नाही.