यूकेला यायचं ठरवताय, तर घराबद्दल थोडं (उत्तर मोठं झालंय)

तू विचारलंयस की नवऱ्याला इंग्लंडची ऑफर आलीये, मुलगी सहा वर्षांची आहे, तिकडे २०२४ च्या जुलैमध्ये सरकार बदललं आणि लेबर पार्टीने पाच वर्षांत पंधरा लाख घरं बांधू म्हणून सांगितलंय, तर आता भाडी उतरतील का. आणि बातम्यांत दाखवतात तसं बाहेरच्यांमुळे इथल्या लोकांवर बेघर व्हायची वेळ येते हे खरं का, त्याचा आपल्याला त्रास होतो का. ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय. व्हिसाची फी, हेल्थ सरचार्ज, टीबी टेस्ट हे सगळं सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते मी परत लिहीत नाही. घराबद्दल लिहिते, कारण तुझा प्रश्न वाचल्यापासून तो डोक्यातून जात नाहीये.

भाडी उतरतील या हिशोबाने येऊ नकोस. पाच वर्षांत पंधरा लाख म्हणजे वर्षाला तीन लाख, आणि २०२४-२५ मध्ये इंग्लंडमध्ये भर पडली ती दोन लाखांच्या थोडी वर. सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही, प्रत्येक कौन्सिलला (म्हणजे इथल्या नगरपालिकेला) घरांचं टार्गेट परत सक्तीचं केलं, स्वस्त आणि सरकारी घरांसाठी दहा वर्षांत ३९ अब्ज पौंड जाहीर केले, आणि मला ते मनापासून पटतं. पण खड्डा फार जुना आहे. १९८० मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचरबाईंच्या सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहती घरं सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला, त्यात इंग्लंडमध्ये वीसेक लाख घरं विकली गेली आणि त्या बदल्यात बांधली गेली ती फारच थोडी. आज कौन्सिलच्या घरासाठी १३ लाखांवर कुटुंबं यादीत आहेत. त्यातले बरेच जण प्रायव्हेट भाड्यात, म्हणजे तू आणि मी जिथे घर शोधणार तिथेच.

आता जे मला खरं सांगायचंय ते. इलेक्शनच्या आदल्या हिवाळ्यात आम्हाला घर सोडायची नोटीस आली. सेक्शन २१ म्हणतात तिला. भाडं एकदाही थकलं नव्हतं, बाथरूमच्या छताला काळी बुरशी धरली होती तीसुद्धा मीच दर शनिवारी पुसायचे, तक्रार करून करून शेवटी सोडून दिलं होतं. पण तेव्हा या नोटिशीला कारण लागायचंच नाही, दोन महिने दिले की झालं. २०१९ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने हे कलम काढून टाकू म्हणून सांगितलं होतं, आणि मधे किती पंतप्रधान होऊन गेले तरी ते होतं तिथेच होतं.

मी कौन्सिलच्या ऑफिसात गेले. समोरची बाई चांगली होती, तिने पाणी दिलं, आमची व्हिसाची कार्डं पाहिली आणि म्हणाली की तुमच्या व्हिसावर आम्ही फक्त सल्ला देऊ शकतो. त्या कार्डावर तेव्हा छापलेलंच असायचं, नो पब्लिक फंड्स, सरकारी मदत नाही. म्हणजे टॅक्स सगळा भरायचा, पण उद्या डोक्यावरचं छप्पर गेलं तर कौन्सिलच्या दारात आपला नंबरच लागत नाही. हे नियम म्हणून मला आधीही माहीत होतं गं, पण शेजारी मुलगी पाय हलवत बसलेली असताना समोरून ऐकणं वेगळं असतं.

म्हणून जेव्हा लोक टीव्हीवर म्हणतात की बाहेरचे येऊन आमची घरं घेतात तेव्हा माझा संताप होतो. वर्क व्हिसावरचा माणूस कौन्सिलच्या घराच्या यादीत येऊच शकत नाही. असायलमवाल्यांची, म्हणजे देशात आश्रय मागणाऱ्यांची हॉटेलं हा तिसराच विषय आहे, ती गृहखातं चालवतं, तिथे लोक निर्णयाची वाट बघत एकेका खोलीत पडून असतात, पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये रॉदरहॅमला तसलंच एक हॉटेल पेटवायचा प्रयत्न झाला तेव्हा कोण कुठल्या व्हिसावर आहे हे कोणी विचारत बसलं नव्हतं. त्या आठवड्यात नवरा ऑफिसातून उशिरा आला तरी माझा जीव टांगणीला लागायचा. तू विचारलंस त्रास होतो का, तर रोज नाही होत. शेजारी चांगले आहेत. पण इमिग्रेशनला विरोध करणारा रिफॉर्म यूके पक्ष आणि बाकीचे पक्ष घरांच्या प्रश्नाला इमिग्रेशनचा प्रश्न करून टाकतात तेव्हा आपण कुठल्या बाजूला मोजले जातो ते कळतं.

आणि बेघर म्हणजे फुटपाथवर स्लीपिंग बॅगेत झोपलेला माणूस एवढंच चित्र माझ्याही डोळ्यासमोर होतं. मुलीच्या वर्गातल्या एका मुलाची आई, इथलीच, गोरी, सुपरमार्केटच्या बिल काउंटरवर काम करणारी. तिलाही अशीच नोटीस आली, तिला कौन्सिलने ठेवलं ते एका हॉटेलच्या खोलीत, दोन मुलं आणि ती, एक डबलबेड, एक खाट. स्वयंपाकघर नाही. किटलीत पाणी उकळून त्यात नूडल्स भिजवायच्या आणि मुलांनी गृहपाठ बेडवर पालथं पडून करायचा. मुलं असलेल्या कुटुंबाला असं सहा आठवड्यांच्या वर ठेवता येत नाही असा कायदा आहे, ती त्याच्या कितीतरी पुढे गेली. मार्च २०२५ च्या शेवटी इंग्लंडमध्ये अशा तात्पुरत्या जागेत १ लाख ३१ हजारांवर कुटुंबं होती आणि त्यात १ लाख ६९ हजार मुलं. मी तिला डब्यातून पोळी-भाजी द्यायचे, बटाट्याची, तिखट न घालता. तिला मदत मिळाली आणि मला मिळाली नाही म्हणून मला तिचा हेवा कधी वाटला नाही, असली मदत कोणाच्या वाट्याला येऊ नये.

आम्हाला घर मिळालं, पण लांब, दुसऱ्या कौन्सिलमध्ये. एका एका घरामागे माणसांची रांग, एजंट म्हणायचे तुमचा जास्तीत जास्त आकडा लिहून द्या, आणि इथला गॅरंटर, म्हणजे जामीन राहणारा कोणी नाही म्हणून सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे. आम्ही दिलं. गावाकडच्या जमिनीचे आलेले पैसे होते ते त्यात गेले. सासऱ्यांना फोनवर सांगताना नवऱ्याचा आवाज बसला होता, ते नुसतं बरं म्हणाले.

पण पैशाचं मी विसरले असते. शाळेचं विसरत नाही. जुनी शाळा चालू ठेवता आली असती, नियमाने नाव काढत नाहीत, पण दोन बस बदलून सकाळी पोचणं शक्यच नव्हतं. आणि नवीन घराजवळच्या शाळेत दुसरीपर्यंत वर्गात तीसच मुलं हा कायदा, वर्ग भरलेला, म्हणून वेटिंग लिस्ट, आणि ती लिस्ट घराच्या अंतरावर, म्हणजे आपल्या मागून कोणी अजून जवळ राहायला आलं की आपण खाली. काही आठवडे ती घरीच होती. मग जी शाळा मिळाली तिथे तिला वाचनात दोन पायऱ्या खाली टाकलं. इथे वाचनाच्या पुस्तकांना रंग असतात, ती ऑरेंजवर होती, रोज रात्री मोठ्याने वाचून दाखवायची, नव्या शाळेने कागद आलेले नाहीत म्हणून ब्लूवर बसवली. मी जुन्या शाळेची वाचनाची डायरी घेऊन गेले, त्यात बाईंच्या सह्या होत्या, स्टार होते. त्या म्हणाल्या आम्ही आमचं असेसमेंट करू. ते व्हायला शाळेची एक टर्म गेली. तोवर तिने मोठ्याने वाचणंच बंद केलं. आज चांगलं वाचते, पण मनातल्या मनात. हे लिहिताना अजून राग येतोय मला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये रुशनारा अली यांनी राजीनामा दिला, बेघरांचा प्रश्न ज्यांच्याकडे होता त्याच मंत्री. त्यांच्या मालकीच्या घरातले भाडेकरू गेल्यावर तेच घर बऱ्याच वाढीव भाड्याने परत लावलं अशी बातमी होती. त्या म्हणाल्या की मी सगळं कायद्याला धरूनच केलं. मी ती बातमी दोनदा वाचली. कारण आमच्याही घरमालकाने कायद्याला धरूनच केलं होतं, आणि ते घरही नंतर जास्त भाड्याने साइटवर दिसलं, त्याच खिडकीतला माझा पडदा फोटोत होता.

कायदा आता बदलला हे खरं. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा भाडेकरू हक्कांचा कायदा मंजूर झाला, सेक्शन २१ बंद होण्याची तारीख १ मे २०२६, नेमका आपला महाराष्ट्र दिन. आगाऊ भाडं एका महिन्यापेक्षा जास्त मागता येणार नाही, जाहिरातीतल्या आकड्याच्या वर बोली घेता येणार नाही, भाडं वर्षातून एकदाच वाढवता येईल आणि ते अवास्तव वाटलं तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे भाड्याच्या वादांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येईल. पण मालकाला घर विकायचं असेल किंवा स्वतः राहायचं असेल तर पहिल्या वर्षानंतर चार महिन्यांची नोटीस देऊन तो घर मागू शकतो. चार महिने दोनापेक्षा बरेच आहेत, त्यात एखादी टर्म तरी पूर्ण होते. हे सगळं इंग्लंडपुरतं, ऑफर स्कॉटलंडची असेल तर तिथले नियम वेगळे आहेत आणि विनाकारण नोटीस तिथे आधीपासूनच बंद आहे.

एकटेपणाबद्दल विचारलंस. येतो. नोव्हेंबरात चारला अंधार पडतो तेव्हा जास्त येतो. लंडनजवळ असशील तर १९३२ पासूनचं महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत जा, ओळखी होतात. एकटेपणाने कोणी मरत नाही.

मग येऊ की नको, तर मी नको म्हणणार नाही. पण पगाराचा आकडा बघण्याआधी ऑफिस कुठल्या गावात आहे ते बघ, आणि त्या गावातलं दोन बेडरूमचं भाडं पगाराच्या किती येतं ते काढ. घर बघताना एजंटला तोंडावर विचार की मालक विकायच्या विचारात आहे का, याआधीचे भाडेकरू का गेले. उत्तर ईमेलवर माग. छताचे कोपरे बघ. आणि कायमचं राहायला मिळेपर्यंतचा काळ पाचाऐवजी दहा वर्षं करायचं सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत मांडलंय, म्हणजे ते नो पब्लिक फंड्स मुलीच्या सगळ्या शाळेभर सोबत राहू शकतं, त्या हिशोबाने सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच नीघ, आणि तो कोणालाही उसना देऊ नकोस.

कंपनी सुरुवातीला राहायची सोय किती दिवस देते ते नवऱ्याला विचारायला सांग. दोन आठवडे म्हणाले तर दोन महिने मागा, ऑफर सही करायच्या आधी मागा. आणि मुलीच्या आत्ताच्या शाळेकडून ती काय काय वाचते याचं इंग्रजीत पत्र घे, शिक्का आणि सहीसकट.