मणक्यात ‘गॅप’ पडतो की कमी होतो?

प्रश्न असा आहे : पाठदुखीबद्दल बोलताना कुणी ‘मणक्यात गॅप पडलाय’ म्हणतं, कुणी ‘गादी सरकली’ म्हणतं. दोन्ही एकच का? बरोबर कोणतं?

‘गॅप पडला’ हा प्रयोग मला खटकतो, कारण तो वस्तुस्थितीच्या उलट आहे. दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी. तिथे कूर्चेची चकती असते, तिलाच आपण गादी म्हणतो. कण्यात अशा २३ चकत्या असतात. वयानुसार त्यांतलं पाणी घटतं, त्या चपट्या होतात आणि एक्स-रेमध्ये दोन मणके जवळ आलेले दिसतात. म्हणजे गॅप कमी झालेला असतो, पडलेला नसतो.

‘गादी सरकली’ हे त्या मानाने जवळचं, पण पूर्ण बरोबर तेही नाही. चकती वरखालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते, ती अख्खी जागची हलत नाही. तिचं बाहेरचं चिवट कडं कमजोर होतं किंवा फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येऊन शेजारच्या मज्जातंतूला लागतो. म्हणून ‘गादी फुगली’ किंवा ‘फाटली’ म्हणावं. हा केवळ शुद्धतेचा आग्रह नाही. ‘सरकली’ म्हटलं की ती दाबून पुन्हा जागेवर ‘बसवता’ येते असं वाटू लागतं, आणि त्या समजापायी माणसं पाठ नको तशी चोळून, मोडून घेतात. प्रत्यक्षात बहुतेकांचं दुखणं शस्त्रक्रियेविनाच काही आठवड्यांत ओसरतं.

‘नस दबली’ मात्र चालेल. बोलीत ‘नस’ रक्तवाहिनीलाही म्हणतात, पण इथे मज्जातंतूच अभिप्रेत आहे हे कळतं.

खरी श्रीमंती आहे ती दुखण्याच्या शब्दांत, आणि ती डॉक्टरांसमोर वापरायला हवी. ‘उसण भरली’ म्हणजे पाठ एकाएकी आखडली. ‘कळ जाते’ म्हटलं की वेदनेची वाट कळते : कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत. खोकताना-शिंकताना ती वाढते. हीच सायटिका. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी हे नाव आहे, ‘गृध्र’ म्हणजे गिधाड. ‘मुंग्या येतात’ आणि ‘बधिर झालंय’ हेही वेगळं. पहिल्यात नको ती संवेदना होते, दुसऱ्यात असलेली जाते.

‘पाय जड पडलाय’ हा एकच प्रयोग संदिग्ध आहे. स्पर्श कळत नाही की जोर गेला? चालताना चप्पल निसटत असेल, टाचांवर उभं राहता येत नसेल, तर ‘जोर गेलाय’ असं स्पष्ट सांगावं आणि लवकर तपासून घ्यावं. आणि लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर शब्द शोधत बसू नये. त्याच क्षणी रुग्णालय गाठावं.