आधी लायसन्स, मग चहापोहे

प्रिय मुली,

तुझा निरोप वाचला. ईएडी, म्हणजे अमेरिकेत काम करायचा परवाना, हातात आलं, आता घरात बसवत नाही, हे समजू शकते. इंडियन ग्रोसरीत कोथिंबिरीची जुडी निवडताना एका जोडप्याने "तुम्ही मराठी का?" म्हणून गाठलं आणि दुसऱ्याच दिवशी विमा विकायच्या धंद्यासाठी झूमवर बोलावलं, हे वाचून हसूही आलं. माझ्या वेळी हे अपार्टमेंटच्या लाँड्रीत घडायचं, ड्रायर थांबायची वाट बघताना.

ते म्हणतात, विमा एजंटचं लायसन्स होईल दोन आठवड्यांत, तोवर ओळखीच्या पंचवीस घरांची यादी काढ आणि आमच्याबरोबर चल. यादी काढू नकोस. काढून झाली असली, तर तुझ्याजवळच ठेव.

मी गेले होते असं. एका ओळखीच्या घरी, चहापोहे पुढ्यात, आणि मला घेऊन गेलेला माणूस म्हणाला होता, "तुम्ही नुसत्या बसा, बोलायचं मी बघतो." मला कुठलं नुसतं बसवतंय? मी सांगून टाकलं की मी स्वतःलाही हीच पॉलिसी घेतेय, फार चांगली आहे. सही झाली. तीन महिन्यांनी त्या बाईंचा फोन आला तो मला, कारण कागदावर ज्याचं नाव होतं तो फोन उचलत नव्हता. त्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पुढे लायसन्सच्या वर्गात शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन शब्द लिहिले: सेल, सॉलिसिट, निगोशिएट. विकणं, घ्या म्हणून गळ घालणं, अटींबद्दल बोलणी करणं. तिन्हींतलं काहीही लायसन्सशिवाय केलं की कायदा मोडला. माझे कान तापले होते. पोहे खाताखाता मी त्यातलं दुसरं करून बसले होते.

कमिशनचंही तसंच. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला अशा विक्रीतला वाटा देणंही चालत नाही आणि त्याने घेणंही. तुझा नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, त्याला तर हा जोडधंदा करताच येणार नाही. "नाव तुमचं, काम दोघांचं" असं कोणी सुचवलं, तर तिथूनच उठ.

तुझे बाबा एलआयसीचे एजंट, म्हणून एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायला हवी. भारतात विम्याचा नियामक एकच, हैदराबादचं आयआरडीएआय, आणि २०१५च्या कायदाबदलानंतर आयसी-३८ची परीक्षा पास झालेल्या एजंटची नेमणूक कंपनीच करते. त्यामुळे आपल्या डोक्यात एजंट म्हणजे कंपनीचा माणूस. इथे दोन कागद वेगळे. लायसन्स देतं राज्य, तुझ्या नावावर. अपॉइंटमेंट देते कंपनी. उद्या कंपनीशी पटलं नाही आणि तू सोडलंस, तर अपॉइंटमेंट संपते, लायसन्स राहतं. तुला मिळणारा राष्ट्रीय प्रोड्यूसर (म्हणजे विमा विकणाऱ्याचा) नंबर, ज्याला सगळे एनपीएन म्हणतात, तो राज्य बदललं तरी तुझाच. झूमवरचे लोक "आम्ही तुला लायसन्स देतो" म्हणाले ना? कोर्सची फी देत असतील. लायसन्स देणं त्यांच्या हातात नाही.

विम्याचं राज्यंच का बघतात, वॉशिंग्टनचं केंद्र सरकार का नाही, हे तू विचारलंस. याची मुळं एका एजंटच्याच लायसन्समध्ये आहेत. १८६६ साली व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गच्या सॅम्युएल पॉलने न्यूयॉर्कच्या आगविमा कंपन्यांसाठी लायसन्स मागितलं. कंपन्यांनी राज्याकडे रोखे ठेवले नव्हते, म्हणून ते नाकारलं गेलं. गड्याने तरीही पॉलिसी विकली आणि त्याला ५० डॉलर दंड झाला. तो थेट सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १८६९ मध्ये हरला: विमा हा आंतरराज्य व्यापारच नव्हे, राज्यांनी बघावं, असं कोर्ट म्हणालं. १९४४ मध्ये कोर्टाने मत फिरवलं, तर पुढच्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून लगाम पुन्हा राज्यांच्या हाती दिला. आजही तसंच आहे.

म्हणून टेक्सासच्या बहिणीचं ऐकून चालू नकोस. तिथे परीक्षेआधी कोर्सची सक्तीच नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये आयुर्विमा आणि आरोग्य मिळून ४० तास, प्रॉपर्टी-कॅज्युअल्टीच्या, म्हणजे मालमत्ता आणि दायित्वाच्या विम्याच्या, पूर्ण लायसन्सला ९० तास. फ्लोरिडात मालमत्तेच्या मोठ्या लायसन्सला २०० तास. आपल्या न्यू जर्सीत प्रत्येक शाखेला २० तास, म्हणजे लाइफ आणि हेल्थ दोन्ही घेतलंस तर ४०. मग परीक्षा, पास व्हायला ७० टक्के. मग बोटांचे ठसे, आणि राजधानी ट्रेंटनमधल्या राज्याच्या विमा खात्याकडे अर्ज. व्हेरिएबल लाइफसारख्या शेअर बाजाराशी बांधलेल्या पॉलिसी विकायच्या तर सिक्युरिटीजची परीक्षा निराळी. ती आत्ता डोक्यात घेऊ नकोस.

परीक्षेबद्दल. तू हुशार आहेस, म्हणूनच सांगते की सामान्य भागावर फार वेळ घालवशील आणि राज्याच्या कायद्याचा भाग आदल्या रात्रीवर ढकलशील. उलट कर. सामान्य भाग समजून घेण्याचा असतो. उदाहरणार्थ, इन्शुरेबल इंटरेस्ट, म्हणजे नुकसान झालं तर खरंच तुझं काही जाणार आहे का. आयुर्विम्यात हे पॉलिसी घेताना असावं लागतं, घराच्या विम्यात नुकसान होतं त्या वेळी. घटस्फोटित नवऱ्यावरची जुनी पॉलिसी का चालू राहू शकते आणि विकून टाकलेल्या घराचा क्लेम का मिळत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की त्यावरचे पाच प्रश्न सुटतात. कायद्याचा भाग मात्र पाठच करावा लागतो: पत्ता बदलला की किती दिवसांत कळवायचं, ग्राहकाचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळले तर त्याला काय म्हणतात, दिशाभूल करून जुनी पॉलिसी मोडायला लावली तर काय म्हणतात. त्याला ट्विस्टिंग म्हणतात, आणि झूमवाल्यांचा अर्धा धंदा त्याच्या आसपास चालतो, असं माझं मत आहे. रिबेटिंगही येईल, म्हणजे कमिशनमधला हिस्सा ग्राहकाला परत देणं. ते बाबांनाही माहीत आहे, विमा कायद्याचं कलम ४१. पहिला हप्ता कितीदा स्वतःच्या खिशातून भरला, हे त्यांना विचार आणि चेहरा बघ.

अर्जावर गुन्ह्यांबद्दल विचारतील, थकलेल्या करांबद्दल, मुलांच्या पोटगीच्या थकबाकीबद्दलही. नागरिक नसल्यामुळे काम करण्याच्या परवानगीचा पुरावा जोडावा लागेल. सगळं खरं लिही. एखादी जुनी भानगड बऱ्याचदा निभावून जाते, पण ती लपवली तर ते खोटं हेच लायसन्स नाकारायचं कारण ठरतं.

लायसन्स आल्यावर अभ्यास संपत नाही. दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण, त्यातले ३ तास नीतीचे. लोक व्हिडिओ लावून स्वयंपाक करतात. मीही केलाय. ॲन्युइटीचं, म्हणजे पैसे भरून पुढे ठरावीक उत्पन्न घेण्याच्या कराराचं, प्रशिक्षण मात्र स्वयंपाक थांबवून ऐक, कारण ती बहुतेक म्हाताऱ्या माणसांना विकली जाते.

झूमवाल्यांनी दाखवलेल्या पॉलिसीच्या इलस्ट्रेशनचा, म्हणजे पुढच्या वर्षांच्या अंदाजाच्या कागदाचा, तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. चाळीस वर्षांची आकडेमोड, शेवटी मोठी रक्कम, तिच्याभोवती पिवळा हायलायटर. पण फोटोत उजवा अर्धाच भाग आहे. डावीकडे "गॅरंटीड" नावाचा रकाना असतो. अशा पॉलिसीत तो रकाना बहुतेक वेळा मधेच कुठेतरी शून्यावर येतो, म्हणजे व्याज कमीत कमी आणि खर्च जास्तीत जास्त लागला तर पॉलिसी त्या वर्षी संपते, आणि ती चालू ठेवायला जास्तीचे हप्ते भरावे लागतात. फोटो काढणाऱ्याने तो कापला, की तुला दाखवलाच नाही?

शनिवारी दुपारी ये. त्यांच्याकडून ते इलस्ट्रेशन पूर्ण मागून घे, सगळी पानं, नंबर लावलेली. "पेज १२ ऑफ १४" असं खाली लिहिलेलं असतं, तेव्हा मोजून घे. माझा जुना कोर्सचा जाडजूड बाइंडर काढून ठेवते. कायदे बदललेत, त्यामुळे ती पानं घेऊ नकोस, पण माझ्या मार्जिनमधल्या टिपा तुला वाचायला देईन.

तुझी,
मावशी