टिकलीएवढी लस आणि लाँचमधला डबा

प्रश्न : माझी नात साडेनऊ महिन्यांची. गोवर-रुबेलाची लस द्यायला सून तिला घेऊन लाँचने अलीकडे आली, तर ‘आज एकच बाळ आहे, एकासाठी बाटली फोडत नाही, पुढच्या वेळी या’ म्हणून परत पाठवलं. सुनेचा रोजगार बुडाला. परवा वाचलं, की आता सुईऐवजी टिकलीसारखी पट्टी चिकटवून लस देणार. खरं का? मग ती येईपर्यंत थांबावं का?
– एक आजोबा, जावळी तालुका

उत्तर : थांबू नका, भाऊ. पट्टीची बातमी खरी आहे, पण पट्टी अजून आपल्याकडे द्यायला आलेली नाही, आणि गोवर तिची वाट बघत बसणार नाही.

आधी तुमच्या सुनेचं. एका बाळासाठीसुद्धा बाटली फोडायची, असाच नियम आहे. वाया जाणारे डोस हिशेबात धरलेले असतात. तरी सिस्टरचा हात का अडतो, ते मला ठाऊक आहे, कारण सिस्टर असताना मीही हे पाप केलंय. ही लस म्हणजे कोरडी भुकटी. त्यात पाणी घातलं की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. पाच डोसांची बाटली, बाळ एक, म्हणजे चार डोस वाया. तेव्हाचे आमचे एक साहेब वाया गेलेल्या डोसांवरून सगळ्यांसमोर झापायचे. त्या भीतीनं मी एका श्रावणात ओल्याचिंब बाईला परत पाठवलं. ती पुन्हा आलीच नाही. शेवटी मीच लसीचा थंड डबा घेऊन पलीकडे गेले.

तो निळा डबा घेऊन बामणोलीच्या घाटावरून लाँचमध्ये बसणं म्हणजे तान्हं मूल सांभाळणं. ऊन लागलं तर लस नासते, हे सगळ्यांना कळतं. पण पेंटासारखी (पाच रोगांवरची एकत्र) लस गोठली तरी वाया जाते, हे नवीन पोरींना पटवावं लागायचं. म्हणून बर्फाचं पाकीट फ्रीजरमधून काढून घाम सुटेपर्यंत बाहेर ठेवायचं, कानाशी हलवायचं, आत पाणी खळखळलं की मगच डब्यात. कोयनेच्या शिवसागर जलाशयात लाँच बंद पडली, की माझं अर्धं लक्ष काठाकडे, अर्धं डब्याकडे.

म्हणून ती पट्टीची बातमी मी दोनदा वाचली. पट्टीवर अगदी बारीक टोकं असतात, त्यांत लस वाळवून बसवलेली. मनगटावर दाबून पाच मिनिटं ठेवली की टोकं कातडीत विरघळतात. पाणी घालणं नाही, बाटली नाही, म्हणजे ‘एकासाठी फोडू का’ हा प्रश्नच नाही. आफ्रिकेतल्या गांबियात आधी मोठ्या माणसांवर, मग दीड वर्षाच्या आसपासच्या आणि शेवटी नऊ-दहा महिन्यांच्या बाळांवर चाचणी झाली. निकाल 2024 मध्ये आले. एका पट्टीनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त बाळांना गोवरापासून संरक्षण मिळालं. पण ती बाळं मोजकीच होती, आता मोठ्या चाचण्या व्हायच्यात.

लस पोचवणं सोपं करणाऱ्या अशा गोष्टी याआधीही घडल्यात बरं का. आफ्रिकेतल्या मेंदूज्वरासाठी पुण्यात सिरममध्ये लस बनली, 2010 पासून तिकडे द्यायला लागले, किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. दोन वर्षांनी तीच लस चार दिवसांपर्यंत चाळीस अंशांतही बर्फाशिवाय न्यायला परवानगी मिळाली. आमच्या लाँचच्या वेळी असली एखादी लस असती तर!

सुनेला सांगा, येत्या लसीकरण सत्राच्या आदल्या दिवशी आशाताईंना फोन करून आपलं बाळ यादीत घालायचं. आसपासच्या पाड्यांवरची नऊ महिने झालेली आणखी बाळं असतील तर त्यांच्या आयांनाही सोबत घ्या. लसीकरणाचं कार्ड विसरू नका. आणि तरीही ‘पुढच्या वेळी’ ऐकू आलं, तर घाटावरून परत फिरू नका, तिथूनच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन लावा.