सोडवलेली शेळी कायमची सांभाळायला आणायची तर काय बघावं?

राजापूरकडे घर आहे आणि कत्तलीच्या गाडीतून सोडवलेली एक शेळी आणायची म्हणताय, वाचून खूप बरं वाटलं, पण एकटी आणू नका हो. शेळी कळपातलं जनावर, एकटी पडली की दिवसभर ओरडते, खाणं सोडते, दोन तरी आणा. नीट राखली तर 12-15 वर्षं जगते, तेवढी वर्षं घरात तिचं बघायला कोण असेल ते आधी ठरवा.

आपल्याकडे खरा प्रश्न पावसाळ्याचा. जून ते सप्टेंबर जमीन सुकतच नाही, चिखलात उभं राहून खुरं कुजतात, म्हणून जांभ्याच्या चौथऱ्यावर फळ्या मारून उंच गोठा करा, पावसाआधी पीपीआर (शेळ्यांचा जीवघेणा साथीचा रोग) आणि आंत्रविषार (आतड्यात विष तयार होऊन होणारा रोग) यांच्या लसींचं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, खुरंही अधूनमधून छाटावी लागतात. रात्री दार घट्ट बंद, बिबटे फिरतात. कुंपण मात्र शेळ्या यायच्या आधीच, नाहीतर शेजाऱ्यांच्या काजूच्या कलमांवरून भांडणं होतील.

आणि पोलिसांनी पकडलेलं जनावर असेल तर कोर्टाचा कागद बघितल्याशिवाय घेऊ नका, केस चालू असेपर्यंत ते मुद्देमाल, म्हणजे केसमधली जप्त वस्तू असतं.