विचारा बिनधास्त: मोलुक्काचा पोरगा, हॉलंडचा कॅप्टन

प्रश्न: संपादक, आमच्या म्हापशात वर्ल्ड कप आला की पोरं ब्राझील, पोर्तुगालचे झेंडे लावतात, मी मात्र हॉलंडवाला. २०१० च्या सेमीफायनलला लांबून गोल मारणारा तो डावखुरा कॅप्टन मूळचा इंडोनेशियाचा काय हो?

उत्तर: जिओव्हानी व्हॅन ब्रोंकहोर्स्ट. जन्म रॉटरडॅमचा, १९७५ चा, पण आई मोलुक्कन, म्हणजे इंडोनेशियातल्या लवंग-जायफळाच्या बेटांकडची, जिथे पोर्तुगीजसुद्धा १५१२ मध्ये पोचले होते आणि तिकडचा कारभार आपल्या गोव्यातूनच चालायचा, म्हणजे नातं तसं जुनंच म्हणा! डच फौजेतले मोलुक्कन सैनिक १९५१ मध्ये बायकापोरांसकट हॉलंडला आणले, थोड्या दिवसांसाठी म्हणून, आणि ते तिथेच राहिले.

हा रॉटरडॅमच्या फेयेनूर्ड क्लबात वाढला, मग रेंजर्स, आर्सेनल, बार्सिलोना असे क्लब, आणि २००६ ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा) फायनल बार्सिलोनाकडून जिंकली ती नेमकी जुन्या आर्सेनललाच हरवून. तुम्ही म्हणता तो गोल केपटाऊनला उरुग्वेविरुद्ध, १८ व्या मिनिटाला, ३५ एक मीटरवरून डाव्या पायाने असा हाणला की बॉल पोस्टला घासून आत, गोलकीपर हवेतच. फायनल स्पेनने १-० ने नेली आणि भाऊ हॉलंडसाठी १०६ मॅच खेळून तिथेच रिटायर. कोच म्हणून फेयेनूर्डला २०१७ मध्ये १८ वर्षांनी डच लीग जिंकून दिली, त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, माझ्या मते ते जास्त कठीण होतं.